बंद पडलेला पीसी आणि ‘बायोस’ला नाव देणारा माणूस : गॅरी किल्डॉल

घरातला जुना डेस्कटॉप बऱ्याच दिवसांनी चालू करायला गेलात, बटण दाबलं, आतला पंखा घरघरला, आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी येऊन सगळं तिथेच थांबलं, असं कधी झालंय? मग ओळखीतला कोणीतरी दादा येतो, डिलीट नाहीतर एफ-२ ची बटणं धडाधड दाबतो आणि बायोसमध्ये जाऊन बघावं लागेल असं सांगतो. बायोस हा शब्द त्या दिवशी कानावर पडतो आणि पीसी सुरू झाला की आपण तो विसरूनही जातो.

हा शब्द कॉम्प्युटरच्या जगात आणला गॅरी किल्डॉलने. इंटरनेटवर त्याचं नाव शोधलंत तर बहुतेक ठिकाणी एकच किस्सा सापडेल : आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला होता, आणि त्यामुळे बिल गेट्सचं नशीब उघडलं. किस्सा भारी आहे, पण अर्धवट आहे. आणि खरं वाईट म्हणजे त्यात किल्डॉलचं काम कुठेच येत नाही. म्हणून आज त्याची गोष्ट कामापासून सांगतो. ते काम समजलं की बंद पडलेला पीसी नेमका कुठे अडकलाय हे ओळखणंही सोपं जातं.

जहाजवाल्यांच्या शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल या बंदराच्या शहरातला. घरची एक शाळा होती, पण आपल्यासारखी पाढ्यांची नाही. जहाजावर अधिकारी व्हायचं असेल तर परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी तिथे करून घेत. सूर्य-तारे बघून भर समुद्रात आपण कुठे आहोत हे काढायचं, हा तिथला मुख्य विषय. वडील जोसेफ हेच काम करायचे. गॅरीही तरुणपणी तिथे शिकवू लागला.

तारे बघून जागा काढायची म्हणजे त्रिकोणमितीची लांबलचक आकडेमोड. कोष्टकं उघडा, आकडे शोधा, बेरजा-वजाबाक्या करा. ही सगळी कटकट एखादं छोटं यंत्र करून टाकेल तर काय बहार येईल, असं वडिलांचं एक स्वप्न होतं. हे स्वप्न लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

गॅरी वॉशिंग्टन विद्यापीठात गेला तो गणिताचा शिक्षक व्हायच्या विचाराने. तिथे कॉम्प्युटर भेटला आणि गडी त्यातच रमला. १९६३ मध्ये डोरोथी मॅकइवेनशी त्याचं लग्न झालं. तो काळ व्हिएतनाम युद्धाचा, तरुणांना सक्तीने लष्करात बोलावत होते. गॅरीच्या वाट्याला नौदल आलं, पण जहाजाऐवजी वर्ग मिळाला : कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत तो शिकवू लागला. १९७२ मध्ये त्याची पीएचडी झाली. विषय होता, कंपायलरने प्रोग्रॅम आपोआप सुधारायचा कसा. इंजिनीअरिंगला कंपायलरचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना डेटा फ्लो ॲनालिसिस आठवत असेल. त्याचा पाया किल्डॉलच्या १९७३ च्या शोधनिबंधात आहे. आम्ही तो धडा परीक्षेपुरता घोकला. तो लिहिणारा आणि बायोसवाला माणूस एकच, हे कोणी सांगितलं असतं तर कदाचित जरा आवडीने वाचला असता!

डब्यात पडून राहिलेली फ्लॉपी

मॉन्टेरेपासून इंटेलचं ऑफिस तासा-दीड तासाच्या ड्राइव्हवर. इंटेलने १९७१ मध्ये ४००४ नावाचा एका चिपवर मावणारा प्रोसेसर काढला होता. बहुतेक कॉम्प्युटरवाल्यांना ते खेळणं वाटलं. किल्डॉलला मात्र वडिलांचं ते यंत्र आठवलं. त्याने त्या चिपसाठी साइन-कोसाइन काढणारे प्रोग्रॅम लिहिले, ते इंटेलच्या लोकांना दाखवले आणि आठवड्यातला एक दिवस तो तिथे सल्लागार म्हणून जाऊ लागला. इंटेलच्या पुढच्या चिपसाठी त्याने पीएल/एम ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. नाहीतर तोवर एकेक आज्ञा आकड्यांच्या भाषेत लिहिण्यावाचून फारसा पर्याय नव्हता.

आता अडचण अशी की प्रोग्रॅम लिहून ठेवायचा कुठे? तेव्हा कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम साठवत. पट्टी वाचायला टेलिटाइप यंत्र, त्याचा वेग म्हणजे बैलगाडी. एवढ्यात ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आली होती. एका फ्लॉपीत साधारण २५० केबी मावायचं. तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा सकाळचा एक सुप्रभात फोटो, बस. पण त्या काळी ती चैन होती. किल्डॉलने अशी एक ड्राइव्ह मिळवली खरी, पण ती कॉम्प्युटरला जोडणार कशी? मध्ये कंट्रोलर नावाचं सर्किट लागतं, आणि हार्डवेअर हा गॅरीचा प्रांत नव्हता. प्रयत्न केला, जमलं नाही. ड्राइव्ह बराच काळ तशीच पडून राहिली.

शेवटी जॉन टोरोड हा मित्र मदतीला आला. हा हार्डवेअरचा पक्का माणूस. त्याने कंट्रोलर बनवला आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेला लागून असलेल्या गावात, किल्डॉलच्या घराच्या मागच्या बाजूच्या कामाच्या खोलीत ती जोडणी एकदाची चालली. फ्लॉपीवरच्या फाइल्स सांभाळायला त्याने जो प्रोग्रॅम लिहिला होता त्याचं नाव सीपी/एम. ही छोट्या कॉम्प्युटरची पहिली मोठी ऑपरेटिंग सिस्टीम. इंटेलने भाषा विकत घेतली होती, पण सीपी/एममध्ये त्यांना रस वाटला नाही. मग गॅरी आणि डोरोथीने स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांपर्यंत मजल! पुढे आकाशगंगा गळली आणि डिजिटल रिसर्च उरलं. धंद्याची बाजू डोरोथी बघायची, कोड गॅरी.

खरी कल्पना इथे आहे

त्या काळात प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. कोणाचा फ्लॉपी कंट्रोलर असा, कोणाचा तसा, कीबोर्ड जोडायची पद्धत प्रत्येकाची आपापली. नवीन मशीन आलं की सीपी/एमच्या पोटात शिरून सगळीकडे बदल करावे लागत. दोन-तीन मशीनपर्यंत ठीक. पण आयएमएसएआय नावाच्या कंपनीलाही आपल्या कॉम्प्युटरवर सीपी/एम हवं झालं, मागून इतरांची रांग दिसू लागली, तेव्हा किल्डॉलने १९७५-७६ च्या सुमारास एक गोष्ट केली. त्याने सीपी/एमचे तुकडे पाडले. हार्डवेअरशी ज्याचा थेट संबंध येतो तेवढाच भाग उचलून एका छोट्या, वेगळ्या तुकड्यात ठेवला आणि त्याला नाव दिलं बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस. बाकीच्या सीपी/एमला यापुढे कुठल्याही मशीनवर हात लावायची गरज नाही.

सोसायटीतल्या पाण्याचं उदाहरण घ्या. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना नळ फिरवला की पाणी हवं. खाली नगरपालिकेची लाइन आहे, बोअर आहे की टँकर मागवलाय, हे वॉचमनने बघायचं. उद्या टँकर बंद होऊन बोअर आली तर काकूंच्या घरातला नळ बदलत नाही. बायोस हा तो वॉचमन. वरून सीपी/एमने सांगायचं, अमुक फ्लॉपीवरचा अमुक भाग वाचून दे. तो वाचायचा कसा हे बायोसला माहीत.

ही कामांची यादी जेमतेम पंधरा-सतरा ओळींची होती : एक अक्षर घे, एक अक्षर दाखव, फ्लॉपी निवड, ट्रॅक निवड, वाच, लिही. आणि यादीतलं पहिलं काम म्हणजे बूट, मशीन सुरू झाल्यावर सगळं जागेवर बसवणं. कॉम्प्युटर बनवणाऱ्याने एवढा छोटा तुकडा स्वतः लिहायचा, की सीपी/एम चालू, आणि सीपी/एमसाठी लिहिलेले बरेचसे प्रोग्रॅमही चालू. वर्डस्टारसारखा टाइपिंगचा प्रोग्रॅम आणि डीबेससारखा डेटाबेस त्यामुळेच इतक्या वेगवेगळ्या मशीनवर पोचला. माझ्या मते सॉफ्टवेअर ही हार्डवेअरपासून सुटी विकायची वस्तू झाली ती इथे.

आणि तुमच्या मोबाइलमध्येही हीच युक्ती आहे बरं का. अँड्रॉइडमध्ये हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन लेयर नावाचा थर असतो. कॅमेऱ्याची चिप कुठल्या कंपनीची, हे इन्स्टाग्रामला कळायची गरज नसते, ते काम हा थर करतो.

आता तो बंद पीसी बघू

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये पकडेल. तुमच्या डेस्कटॉपमधल्या बायोसमध्ये किल्डॉलचा कोड नाही. त्याचा बायोस फ्लॉपीवरून मेमरीत यायचा. आयबीएमने १९८१ च्या पीसीत स्वतःचा बायोस लिहिला आणि तो मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी चिपमध्ये बसवला. नाव आणि थर वेगळे करण्याची पद्धत मात्र तीच राहिली. नवीन मशीनमध्ये यूईएफआय असतं, पण बोलताना सगळे त्यालाही बायोसच म्हणतात.

या थरांमुळेच बिघाड शोधता येतो. पीसी कुठल्या टप्प्यावर थांबला एवढं बघायचं. बटण दाबून काहीच होत नसेल, पंखा नाही, दिवा नाही, तर बायोसपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. भिंतीतला सॉकेट, पॉवर केबल, कॅबिनेटच्या मागचा छोटा स्विच आणि मग एसएमपीएस, याच क्रमाने बघा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका करंट शिल्लक असू शकतो.

पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच नाही, तर बायोस जागा झालाय पण त्याची तपासणी अडली असण्याची शक्यता मोठी. सुरू होताना बायोस आधी प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स यांची हजेरी घेतो. कोणी गैरहजर असेल तर स्क्रीन अजून चालू नसल्यामुळे तो बीप वाजवून सांगतो. म्हणून बीप मोजायच्या, लांब किती आणि आखूड किती. प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो, मदरबोर्डचं नाव टाकून शोधलं की तक्ता मिळतो. जुन्या मशीनमध्ये नेहमीचा संशयित म्हणजे रॅम. पीसीची वायर काढा, रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत परत दाबा. कितीतरी मेलेले पीसी एवढ्यावर उठतात. आणि हो, मॉनिटरची केबल योग्य ठिकाणी आहे ना? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी, मदरबोर्डला नाही.

स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला, मग बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही अशा अर्थाची ओळ आली, तर आनंद माना. बायोसने आपलं काम केलंय. तो हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्स वाचायला गेला आणि हात हलवत परत आला. आधी मागे लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कच्या केबल दाबून बघा.

तारीख दरवेळी कित्येक वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा चपटा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्ट, घड्याळाच्या दुकानात मिळतो. यात एक खाच आहे : सेल संपला की बायोसच्या सेटिंग्जही मूळ जागी जातात. त्यात डिस्कचा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतं आणि लोक उगाच हार्ड डिस्क बदलून मोकळे होतात. सेल बदला, मोड आधी होता तसा करा, मग बघा. आणि विंडोजचा लोगो येऊन चाकं फिरत राहिली तर बायोसचा काही दोष नाही, तो आपली पाळी संपवून कधीच बाजूला झालाय.

विमानाचा किस्सा

आता तो किस्सा. १९८० मध्ये आयबीएम गुपचूप स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर बनवत होती. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी त्यांची माणसं आधी मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्ट ॲपल-२ साठी एक कार्ड विकायची, त्यावर सीपी/एम चालायचं, त्यामुळे सीपी/एम यांचंच असावं असा त्यांचा समज झालेला. गेट्सने त्यांना किल्डॉलकडे पाठवलं.

ते पॅसिफिक ग्रोव्हला आले तेव्हा गॅरी खरंच स्वतःच्या विमानाने बाहेर गेला होता, पण हौस म्हणून नाही. ओकलंडला बिल गॉडबाउट या जुन्या ग्राहकाकडे त्याचं काम होतं. करारांचं काम नेहमी डोरोथीच बघायची. आयबीएमने तिच्यापुढे गुप्ततेचा कागद ठेवला. त्यातल्या अटी एकतर्फी होत्या, वकिलाचं मत घेऊन तिने सही करायला नकार दिला. दुपारी गॅरी परतला. त्यानंतर काय झालं यावर दोन्ही बाजू वेगवेगळं सांगत आल्या : किल्डॉलच्या म्हणण्यानुसार त्यांची भेट झाली आणि बोलणीही झाली, आयबीएमच्या बाजूने आलेली हकिकत तसं म्हणत नाही. एवढं नक्की की सौदा झाला नाही. आपलं दुकान पहिल्यांदाच दिसणाऱ्या बड्या गिऱ्हाइकाच्या कागदावर डोळे मिटून सही करायची नाही, यात मूर्खपणा कुठे आहे मला अजून कळलेलं नाही.

आयबीएम परत मायक्रोसॉफ्टकडे गेली. सिॲटलमध्येच टिम पॅटरसन या इंजिनीअरने सीपी/एमच्या धर्तीवर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती, सीपी/एमच्या प्रोग्रॅमना सहज उतरवता यावं म्हणून मुद्दाम तशी. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसीबरोबर ती पीसी-डॉस या नावाने आली. किल्डॉलने ती बघितली आणि तो भडकला. खटल्याची भाषा झाली तेव्हा आयबीएमने त्याची सीपी/एम-८६ सुद्धा पीसीसाठी विकायचं कबूल केलं. तो शांत झाला. मग किमती जाहीर झाल्या : डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर. सहापट! गिऱ्हाईक काय घेणार हे सांगायला नको. तुमच्या विंडोजमध्ये आजही जी सी ड्राइव्ह आहे, ती ए, बी, सी अक्षरांची पद्धतसुद्धा डॉसमध्ये सीपी/एमकडूनच आली.

एक विचित्र योगायोग बघा. आयबीएमने आपल्या बायोसचा पूर्ण कोड माहितीपुस्तकात छापला होता, पण तो होता कॉपीराइटखाली. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तो न उचलता, तसंच वागणारा बायोस नव्याने लिहिला आणि आयबीएमसारखे पीसी विकायला काढले. गल्लीतल्या दुकानात जोडून मिणारा असेंबल्ड पीसी त्याच वाटेने आला. बायोस बदला, बाकी सगळं तसंच चालतं, हे किल्डॉलचंच गणित.

नंतरची वर्षं

तो काही कोपऱ्यात रडत बसला नव्हता. डिजिटल रिसर्चने खिडक्या आणि आयकॉनवाला जेम काढला, नंतर डॉसलाच टक्कर देणारा डीआर-डॉस काढला. सीडी-रॉम म्हणजे गाणी ऐकायची चकती एवढंच लोकांना माहीत असताना, १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने ग्रोलियरचा अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर बसवला. १९८३ ते १९९० तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचा सहनिवेदक होता. यूट्यूबवर ते भाग मिळतात. लाल दाढीचा, हळू बोलणारा, प्रतिस्पर्ध्याचं सॉफ्टवेअरसुद्धा कुतूहलाने उलटसुलट करून बघणारा माणूस दिसतो. आजचे रिव्ह्यूवाले बघताना मला तो फार आठवतो.

पण आत काहीतरी पोखरत होतं. डोरोथीशी घटस्फोट झाला, १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलने घेतली. पैसा भरपूर होता. कुठेही गेला तरी प्रश्न मात्र तोच, त्या दिवशी तू विमानात होतास का? पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचा वर्धापनदिन आला. तिथूनच पीएचडी केलेल्या किल्डॉलला बोलावणं आलं ते नावाजलेला माजी विद्यार्थी म्हणून हजर राहायचं. मुख्य भाषण ठेवलं होतं बिल गेट्सचं. त्यानंतर तो स्वतःच्या आठवणी लिहायला बसला. दारूही वाढत गेली होती. त्याच्या मुलांनी पुढे हे उघडपणे सांगितलं.

८ जुलै १९९४ ला मॉन्टेरेतल्या एका बार-रेस्टॉरंटमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. नेमकं काय घडलं हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला, वय ५२. सिॲटलमध्ये त्याला पुरलं. आठवणींचं हस्तलिखित मागे राहिलं. त्यातला सुरुवातीचा भाग मुलांनी २०१६ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमतर्फे सगळ्यांसाठी खुला केला.

पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लाइटहाउस ॲव्हेन्यूवर ८०१ नंबरचं जुनं घर आहे, डिजिटल रिसर्चचं ऑफिस तिथे होतं. एप्रिल २०१४ मध्ये आयईईई या इंजिनीअरांच्या संघटनेने तिथे एक फलक बसवला. त्यावर सीपी/एमचा उल्लेख आहे. विमानाचा नाही.